जुईच्या उंचीचं बटण

आबा, उद्या सकाळी संतोष येणार आहे. पकड, टेस्टर आणि थोडं सिमेंट घेऊन. तुमच्या खोलीतलं ते खालचं बटण उखडून वर, मोठ्या माणसाच्या हाताला येईल असं बसवायला. मी त्याला फोन लावला तेव्हा तुम्ही समोरच पलंगावर बसला होतात आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाला होतात, "येऊ दे त्याले, मी बी दखस." मला पुढचं सगळं दिसत होतं. संतोष येणार, तुम्ही दारात आडवे उभे राहणार, तुमच्याच हाताखाली वायरिंग शिकलेला तो बिचारा माझ्याकडे आणि तुमच्याकडे आळीपाळीने बघणार, मी आवाज चढवणार, माय दोघांनाही जेवायला बसवणार. मग जळगावला परत जाईपर्यंत आपण फक्त जुईच्या मार्फत बोलणार. भांडण रंगात आलं की उठून जायची तुमची सवय जुनीच. पण एरवी तुम्ही फार तर नरडाण्याच्या स्टेशनपर्यंत जायचात आणि चहा पिऊन परत यायचात.

आता तुमच्या बाजूने बोलायला कुणी नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. मायचं म्हणणं, बटण वरच घ्यावं. "काढी टाक ते बटन, वैशू. पोरगी दिनभर तठेच बठस." बरोबर आहे तिचं. अडीच वर्षांची माझी जुई या घरात शिरली की सरळ त्या भिंतीपाशी जाते, चालू-बंद, चालू-बंद करत बसते. माझं म्हणणंही तुम्ही होतात तोवर हेच होतं. संतोषला ये म्हणायचं की नको म्हणायचं, एवढंच आज मला ठरवायचं आहे. आणि ते ठरवायचं तर त्या जानेवारीतल्या रविवारपासून सुरुवात करायला हवी.

तुम्ही आणि माय आदल्या दिवशीच गाडीने जळगावला आला होतात. फैजपूरच्या अलीकडे केळीच्या बागांमध्ये कुणा हौशी माणसांनी एक जुनं गाव उभं केलं आहे, तिथे जायचं मी ठरवलं होतं. मातीची घरं, कुंभाराचं चाक, तेलाचा घाणा, लोहाराचा भाता, आणि सगळं चालू. नऊवारी नेसलेल्या बायका, धोतर-पागोट्यातली माणसं, जुन्या काळातच राहत असल्यासारखी आपापली कामं करतात आणि आपण तिकीट काढून बघतो. मी शाळेत इतिहास शिकवते, माझा जीव अशा ठिकाणी रमतो. तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "तिकीट काढीसन मातीनं घर दखाले जावानं?" मी म्हटलं, तिथे मोट आहे. चालू मोट. सकाळी तुम्ही सगळ्यांच्या आधी इस्त्रीची पँट घालून तयार होतात.

माझ्या मनात काय होतं ते तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. लहानपणी तुम्ही तुमच्या वडिलांच्या मोटेवर बैल हाकलेत, हे मला मायकडून माहीत होतं. तुमच्या तोंडून कधीच नाही. मला वाटत होतं, एकदा, फक्त एकदा, तुम्ही जुईच्या डोळ्यांदेखत मोट हाकावी. तिला ते आठवणार नाही हे मलाही कळत होतं. पण मला आठवेल, आणि मी तिला सांगेन.

गाडीत तुम्ही जुईला मांडीवर घेऊन खिडकीशी बसलात आणि सगळा रस्ताभर खांब दाखवत राहिलात. नातवंडांना लोक झाडं दाखवतात, चिमण्या दाखवतात. तुम्ही खांब दाखवायचात. "हाऊ दख, खांब. आते आखो येई." आणि खांब आला की ती टाळ्या पिटायची, तुम्हीही खूश, जसा काही तो तुम्ही आत्ताच उभा केला. मध्येच एका डीपीचं तेल गळताना दिसलं म्हणून तुम्ही प्रशांतला गाडी हळू करायला लावलीत. जन्मभर वायरमन राहिलेल्या माणसाचा जावई होणं म्हणजे काय, हे त्या गरिबाला आता पाठ झालं आहे.

त्या गावात जुईला काय आवडलं म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. चाकावर मडकं वर येताना मी अगदी भान हरपून बघत होते आणि ती कुंभाराच्या बादलीतला चिखल फ्रॉकला पुसत होती. घाण्याचा बैल जवळून गेला तेव्हा ती प्रशांतच्या खांद्यावर चढून बसली. सगळ्यात जास्त वेळ ती रमली ती मागच्या मोरीपाशी, गळक्या नळाखाली. तेवढी एकच गोष्ट तिथे आजची होती, आणि पाहुण्यांना दिसू नये म्हणून तिच्याभोवती तट्ट्या लावला होता.

तुम्ही मात्र मागे हात बांधून, मान वर करून फिरत होतात. आधी मला वाटलं, घरांची छपरं बघताय. मग एका लुगडेवाल्या मुलीला तुम्ही थांबवलंत आणि विचारलंत, "इतलं मोठं गाव बनाडं, आन खांब कोठे शे?" ती गोंधळली. "कसला खांब, बाबा?" तुम्ही म्हणालात, "लाईटना." तिला शिकवून ठेवलं होतं तसं ती हसून म्हणाली, "आमच्या गावात अजून लाईट आलीच नाही." त्यावर तुम्ही इतक्या गंभीरपणे म्हणालात, "अर्ज दी ठेवा माय, मी ईसन खांब टाकी देस." भोवतीची माणसं खो खो हसली. मीही हसले. तुमच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं तेव्हा कळलं की तुम्ही विनोद करत नव्हतात.

जेवायला भरीत होतं आणि कळण्याची भाकरी. लिंबाखाली बसून तुम्ही दोन भाकरी खाल्ल्यात, भरताला नावं ठेवत ठेवत. आणि मग ते सुरू झालं. तुम्ही म्हणालात, "तुन्हा इतिहास मन्हा दारपावत येतच नई." मी विचारलं, म्हणजे काय. तुम्ही बोट फिरवून सगळं गाव दाखवलंत. हे सगळं माझ्या आधीचं आहे म्हणालात. तुझ्या पुस्तकात राजे आहेत, लढाया आहेत, इथे कुंभार आहे, लोहार आहे. मग माणसं एकदम मोबाईल घेऊन उभी. मधलं कुणी केलं? विहिरीवर मोटर कुणाच्या वायरीने चालली? रात्री पोरं कोणत्या उजेडात अभ्यासाला बसली, तू कोणत्या उजेडात शिकलीस? आम्ही भरपावसात खांबावर चढत होतो ते कुणी कुठे मांडून ठेवलंय का?

मी विषय मोटेवर नेला. तेवढं एकदा दाखवा ना जुईला, म्हटलं. तिथून मोटेचा आवाज येत होता, चाकाची कुरकुर, आणि हाकणाऱ्याचं गाणं. माणसं मोबाईल वर धरून उभी होती. तुम्ही तिकडे मान वळवून म्हणालात, "गानं काबर म्हनेत, माहीत शे? झोप उडाले पायजे म्हनीसन." आणि मग तुम्ही जे सांगितलंत ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. तांबडं फुटायच्या आधी वडिलांच्या मागे विहिरीवर जायचं. बैलांच्या मानेवरच्या जखमांवर हळद भरायची आणि पुन्हा त्याच मानेवर जू ठेवायचं. तुमचे वडील दुपारी मोट सोडायचे तेव्हा त्यांना पाठ सरळ करायला विहिरीच्या काठाला हात टेकून उभं राहावं लागायचं. एवढ्या कष्टाने भिजायचं किती, तर मिरचीचे चार वाफे.

"मंग हाई जुईले कोन सांगी?" मी विचारलं.

"काबर सांगाले पायजे?"

आपलं खरं भांडण हेच होतं, आबा. बटणाचं नंतर झालं. माझं म्हणणं, आपल्या वाट्याचं काय काय टळलं आहे हे पोरांना माहीत असायला हवं, नाहीतर त्यांना त्याची किंमत कळत नाही. तुमचं म्हणणं, ते कुणाला माहीतच असू नये म्हणून तर आम्ही राबलो. विसरले तर विसरू द्या, विसरण्यासारखंच होतं. आपण दोघंही हट्टी, त्यामुळे लिंबाखाली निकाल लागला नाही. माय भाकरीचा तुकडा हातात धरून आपल्या दोघांकडे बघत राहिली आणि म्हणाली, इथे तरी जेवा नीट.

जेवल्यावर जुईचे डोळे मिटायला लागले म्हणून आपण तिला घेऊन एका मातीच्या घरात शिरलो. शेणाने सारवलेली जमीन, गार. एवढीशी खिडकी, तीही लावलेली, कोनाड्यात रॉकेलची चिमणी मिणमिणत होती. तेवढ्यात बाहेरून लोकांचा घोळका आला, कुणाचा तरी धक्का लागून दार लोटलं गेलं आणि त्याच झुळकीने चिमणी विझली. आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. मला वाटलं, आता पोर भोकाड पसरणार. पण ती माझ्या कडेवरून खाली घसरली. भिंतीवर थापट्या मारल्याचा आवाज यायला लागला. थप, थप, थप. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात.

ती बटण शोधत होती, आबा.

घर म्हटलं की भिंत आणि भिंत म्हटलं की बटण, एवढंच तिला माहीत. कुणीतरी उचलून घेतलं की ते दाबायचं, आणि लाईट लागते. लुगडेवाली मुलगी दार उघडत म्हणाली, "बाळा, इथे लाईट नसते गं." जुईला त्या वाक्याचा अर्थच लागेना. तिने सगळी भिंत चाचपून पाहिली, सारवणाने हात माखले, आणि मग तुमच्यापुढे येऊन ते हात वर केले. "आबा, लाईत लाव." आबा आहेत आणि लाईट लागत नाही, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तेव्हा कुठे ती रडली.

तुम्ही तिला उचलून बाहेर उन्हात आणलंत. मला वाटलं, तुम्ही चिडलात. मी समजूत घालायला तोंड उघडलं तर तुम्ही हसत होतात. एखाद्याची पोरगी बोर्डात पहिली यावी तसं तुमचं तोंड फुललं होतं. "दखं का वं वैशू? हाई पोरले अंधार माहीतच नई." मग ते तुम्ही मायला सांगितलंत, प्रशांतला सांगितलंत, कुंभाराला त्याचं चाक थांबवून सांगितलंत. त्या लुगडेवाल्या मुलीलाही सांगितलंत, आणि तिला जुन्या काळातून बाहेर येऊन चक्क "हो का काका, भारीच की" असं म्हणावं लागलं. तुम्ही आयुष्यात कधी स्वतःचं कौतुक केलं नाहीत असं मी मुळीच म्हणणार नाही. तुम्ही ते भरपूर करायचात. पण त्या दिवशीचं वेगळं होतं. इतकी वर्षं खांबावर चढून तुम्ही काय कमावलंत, ते त्या पोरीने भिंत चाचपून तुम्हाला दाखवलं होतं.

आणि मग, मी एक शब्द न बोलता, तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीत आणि विहिरीकडे निघालात.

मोट हाकणारा गोकुळ म्हणून तरणा गडी होता. त्याने तुम्हाला बैलांच्या मागे उभं केलं, दोर हातात दिला. मी मोबाईल काढला. इतक्या दिवसांची इच्छा पुरी होत होती. तुम्ही बैलांना हाक दिलीत. बैल उतारावरून निघाले, चाक कुरकुरलं, वर आलेली पत्र्याची मोट पुढच्या दगडी कुंडीत कलंडली, आणि ओंजळभर पाणी पडलं. मोट विहिरीत बुडून भरायच्या आधीच तुम्ही बैल हाकले होतेत. "आबा, थोडं थांबायचं असतं," गोकुळ म्हणाला. दुसऱ्या खेपेला तुम्ही इतके थांबलात की बैल रवंथ करायला लागले. त्यांना उतारावरून मागे आणताना एक इकडे वळला, एक तिकडे, दोराचा गुंता झाला आणि गोकुळ धावत आला. जुई टाळ्या पिटत होती. तुमच्या पँटवर चिखल, पागोटं नसलेल्या डोक्यावर ऊन, आणि तुम्ही पोट धरून हसत होतात.

"मी इसरी गऊ, वैशू," तुम्ही म्हणालात. "बठ्ठं इसरी गऊ. बरंच व्हयनं."

तो व्हिडिओ माझ्याकडे आहे. त्यात मोट नीट दिसत नाही, कारण मी हसत होते आणि मोबाईल हलत होता. माझ्या वर्गात दाखवण्यासारखं त्यात काही नाही. पण मी गेल्या काही दिवसांत तो जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा मला वाटलं की असा बाप सगळ्यांना मिळत नाही. जे विसरायचं होतं ते तुम्ही मनापासून विसरलात, आणि त्याच्या जागी दुसरं काही तरी उभं करून विसरलात. परतीच्या वाटेवर जुई तुमच्या मांडीवर झोपली होती आणि तुम्ही तिला न उठवता, नुसते ओठ हलवत खांब मोजत होतात.

मग पुढच्याच आठवड्यात मायचा फोन आला, जुईची उंची किती म्हणून. फ्रॉक शिवायचाय म्हणाली. मी पट्टीने मोजून सांगितली, हात वर केल्यावर कुठपर्यंत पोचतो तेही सांगितलं, कारण मायने तेही विचारलं होतं. फ्रॉकला हात वर करून कशाला मोजायचं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आम्ही नरडाण्याला आलो तर तुमच्या खोलीची भिंत टाकीने फोडलेली, प्लास्टर ओलं, आणि माझ्या मांडीच्या मध्यावर एक कोरं पांढरं बटण. फ्रॉक नव्हताच. तुम्ही जुईला बोट धरून नेलंत, तिने हात वर केला, दाबलं आणि ट्यूब लागली. तिने मागे वळून तुमच्याकडे असं पाहिलं की मला क्षणभर तुमचा हेवा वाटला.

तरी मी भांडलेच. जन्मभर लोकांच्या पोरांना विजेपासून लांब ठेवायला सांगणारा माणूस स्वतःच्या नातीला भिंतीत हात घालायला शिकवतोय, म्हटलं. तुम्ही म्हणालात, नुसतं बटण आहे, प्लगचं भोक कुठेही नाही, अर्थिंग मी स्वतः केलंय. मी म्हटलं, तिला काय कळतं, उद्या दुसऱ्याच्या घरी जाऊन कशातही बोट घालेल. तुम्ही म्हणालात, "बटन तिना हातले लागाले पायजे. दरवेळे कोनले तरी सांगीसन लाईट लागाडाना का तिनी?" मी तिथेच संतोषला फोन लावला. आम्ही पुढच्या वेळी नरडाण्याला आलो की येतो म्हणाला. आपलं शेवटचं भांडण ते. त्यानंतर फोनवर आपण बोललो ते फक्त जुईचा खोकला आणि मायचे गुडघे यांच्याबद्दल, आणि मग एका सकाळी फोन मायचा आला.

तुम्ही गेलात त्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं कुठून कुठून आली. नदीकाठच्या एका वस्तीवरची म्हातारी बायकांमध्ये येऊन बसली, मला ओळखत नव्हती. ती सांगत होती की त्यांच्या वस्तीवर लाईट आली तेव्हा बायकांनी खांबाला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता, आणि ते होईपर्यंत तुम्हाला वर चढू दिलं नव्हतं. "मन्ही सासूनी यास्ना पायले बी कुकू लावं व्हतं, खांबले लावं तसं," ती म्हणाली. तुमच्या पायांना कुंकू. तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत. एरवी तर तुम्ही कुणाच्या घरचा साधा पंखा दुरुस्त केलात तरी जेवताना दोनदा सांगायचात. ते कुंकू तुम्ही स्वतःपाशीच ठेवलंत. मी मनातल्या मनात त्या अनोळखी बाईपुढे छाती काढून बसले होते, रडत होते आणि छाती काढून बसले होते.

खांब कुठे आहे, हा तुमचा प्रश्न माझ्याकडे राहिला आहे. शाळा सुरू झाली की मी मुलांना त्या जुन्या गावात नेणारच आहे. ते तुम्हाला आवडणार नाही, पण मला ते गाव आवडतं आणि मी माझा हट्ट सोडलेला नाही. मात्र फाटकातून बाहेर पडलं की रस्त्याला पहिला खांब लागतो. तिथे सगळ्यांना उभं करून पुढचा धडा मी तिथून शिकवणार आहे. तुमचं नाव घेऊन.

आता आजचं सांगते. तुमच्या पलंगाच्या जागी दिवा ठेवला आहे. तो विझू नये म्हणून मायने खिडकी लावून घेतली आहे आणि उजेड त्याचाच असावा म्हणून ट्यूब बंद ठेवायला सांगितलं आहे. दिवेलागणीला मी, माय आणि शेजारच्या दोघी तिथे बसलो होतो. बाहेर अंगणात जुई प्रशांतबरोबर खेळत होती. खेळता खेळता ती धावत आत आली आणि उंबऱ्यापाशी थबकली. तुमची खोली तिने अशी अंधारी कधी पाहिली नव्हती. ती रडली नाही. कुणाला हाक मारली नाही. भिंतीशी गेली, हात वर केला, आणि खट्. सगळी खोली उजळली. आम्ही सगळ्या डोळे चोळत राहिलो. ती वळली, जिथे तुम्ही बसायचात तिकडे तोंड करून म्हणाली, "आबा, लागली."

शेजारची एक बाई पटकन म्हणाली, बंद कर गं बाळा. मी उठायला लागले. मायने माझा हात धरला. तीच माय, जिला ते बटण काढून टाकायचं होतं. "ऱ्हाऊ दे वैशू," ती म्हणाली. "त्यास्ले उजेडच आवडे."

तर ठरलं, आबा. उद्या संतोष आला की त्याला चहा देईन, अर्थिंग तेवढं पुन्हा तपासून जा म्हणेन, कारण तुम्ही काहीही म्हणा, मला काळजी वाटते, आणि त्याला तसाच परत पाठवीन. जळगावच्या घरातली बटणं वरच राहतील. पण नरडाण्याच्या घरातलं हे तुम्ही जिथे बसवलंत तिथेच राहील. जुई वाढेल. पुढच्या वर्षी तिला हात वर करावा लागणार नाही. आणखी काही वर्षांनी ते तिच्या कमरेखाली जाईल, मग माझ्यासारखं मांडीशी येईल. तेव्हा त्या खोलीत उजेड करायचा तर तिला दरवेळी त्या भिंतीपुढे खाली वाकावं लागेल.

वाकू दे.